लोकरीचा गुलाब आणि त्याचा हिशेब



तुम्ही अक्षरे शिकलात. अंक शिकलात. बेरीज आणि गुणाकारही येऊ लागला. आता या विद्येला कामाला लावायचे. नुसती पाटीवर ठेवलेली विद्या पुसली जाते. हातात आलेली विद्या टिकते.

या धड्यात आपण लोकरीचा गुलाब विणायला शिकू. पाच गुलाबांचा गुच्छ बांधू. आणि शेवटी त्या गुच्छाचा हिशेब मांडू. गुलाब सोपा आहे. हिशेबही सोपा आहे. पण पुष्कळ माणसे गुलाब करतात आणि हिशेब करत नाहीत. म्हणून हा धडा.

१. फुलांचे गाव

आपले नाशिक हे फुलांचे गाव. मोगलांच्या अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे पेशव्यांच्या काळात नाशिक हे जुने नाव पुन्हा चालू झाले. नाव गेले, पण फुले काही गेली नाहीत. आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडी या बाजूला शेतकरी गुलाब पिकवतात. तो गुलाब दूरदूरच्या बाजारात जातो.

शेतातला गुलाब तीन-चार दिवस टिकतो. लोकरीचा गुलाब वर्षानुवर्षे टिकतो. पण त्याला वास नाही. म्हणून एकाने दुसऱ्याला हिणवू नये. दोघांचे काम वेगळे. देवाला ताजे फूल वाहावे. सासरी चाललेल्या लेकीला, बदली होऊन निघालेल्या बाईंना, बाळंतिणीला लोकरीचे फूल द्यावे. ते फूल पाहिले की देणाऱ्याची आठवण होते.

आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात. त्यात लाडू, करंज्या असतात, तसेच विणलेले रुमाल आणि तोरणेही असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया वाण लुटतात. रुखवतात गुच्छ शोभतो. वाणाला एकेक सुटा गुलाब पुरतो.

२. आकडीची सुई

हे विणकाम एकाच सुईने करतात. सुईच्या टोकाला लहानशी आकडी असते. या कामाला क्रोशे म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतला आहे. त्याचा अर्थही आकडी असाच आहे.

हे काम बायकांचेच, असे कोणी म्हणेल. तसा नियम काही नाही. कोळ्यांची जाळी कोण विणतो? पुरुषच विणतात. येवल्याला मागावर पैठणी विणणारे पुरुषही आहेत. ज्याला मोजता येते, त्याला विणता येते.

क्रोशाच्या फुलांनी एकदा माणसे जगवली आहेत. ती हकीकत ऐका. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथल्या गरिबांचे मुख्य अन्न बटाटा. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पीक शेतात कुजले. पुढची काही वर्षे मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली. त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली.

त्या दिवसांत मठांतल्या जोगिणींनी आणि काही जाणत्या बायांनी गावोगाव क्रोशे शिकवले. क्लोन्स नावाच्या गावी कॅसांड्रा हँड या बाईंनी १८४७ साली हे काम सुरू केले. घरोघरी बाया सुताचे गुलाब आणि पाने विणू लागल्या. मग ती फुले जाळीने एकमेकांना जोडायची. त्याची झालर बनायची. शहरातल्या श्रीमंत बाया ती विकत घेत. त्या पैशातून घरी धान्य येई.

एक सुई आणि दोऱ्याचा गुंडा. एवढ्यावर चूल पेटली.

३. सामान

गुच्छासाठी एवढे सामान जमवा.

लाल किंवा गुलाबी लोकर. हिरवी लोकर. साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई. हा आकडा सुईवर छापलेला असतो, वाचून घ्या. बोथट टोकाचे दाभण. कात्री. डिंक. आणि बांबूच्या पाच काड्या. काडी पतंगाच्या कामटीसारखी असावी. एक हात लांब पुरे. टोके घासून गुळगुळीत करा. घरात लहान मूल असते, त्याला टोचता कामा नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाजारात लोकर म्हणून जी मिळते, ती बहुतेक कृत्रिम धाग्याची असते. तिला कसर लागत नाही. थंड पाण्यात साबणाने धुता येते. पण आच लागली की ती वितळते. म्हणून हा गुच्छ समईजवळ किंवा चुलीजवळ ठेवू नये.

४. चार टाके

या गुलाबाला चारच टाके लागतात. सुई ज्या जागी घालायची, त्या जागेला आपण घर म्हणू.

साखळी : प्रथम दोऱ्याची सरकगाठ करून सुईवर घ्या. हा झाला फास. आता आकडीत दोरा अडकवा आणि फासातून बाहेर ओढा. एक साखळी झाली. असेच पुढे करत जा. सुईवरचा फास साखळीत मोजायचा नाही.

मुका खांब : सुई घरात घाला. दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास झाले. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम ओढा.

खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या. मग सुई घरात घाला. दोरा ओढा. सुईवर तीन फास झाले. दोरा घेऊन दोन फासांतून ओढा. पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून ओढा. खांब उभा राहिला.

अर्धा खांब : खांबासारखेच सुरू करा. सुईवर तीन फास झाले, की दोरा घेऊन तिन्हींतून एकदम ओढा.

मुका खांब सर्वांत बुटका. अर्धा खांब मधला. खांब उंच. उंच-बुटक्यांच्या या मेळातूनच पाकळीला गोलाई येते.

दोन दिवस नुसते हेच टाके घाला. हात बसू द्या. टाका फार आवळू नका, फार सैलही सोडू नका. चुकले तर घाबरू नका. सुई काढा आणि दोरा ओढा. सगळे विणकाम उसवते आणि दोरा जसाच्या तसा परत मिळतो.

५. गुलाबाची चिठ्ठी

आता वही उघडा. खालची चिठ्ठी आपल्या हाताने लिहून काढा. विणताना ती समोर ठेवा. एकेक ओळ वाचा, तेवढी विणा, आणि पुढे खूण करा.

ओळ पहिली.
साखळी ३९.
सुईपासून चौथ्या घरात १ खांब.
पुढे प्रत्येक घरात १ खांब, शेवटपर्यंत.
विणलेले खांब ३६.
सोडलेल्या ३ साखळ्या म्हणजे १ खांब धरा.
एकूण ३७.

ओळ दुसरी.
काम पलटा. साखळी १.
पहिल्या घरात १ मुका खांब.
मग १ घर सोडा. पुढच्या एकाच घरात पाकळीचे सगळे खांब घाला. १ घर सोडा. पुढच्या घरात १ मुका खांब. ही झाली एक पाकळी.
अशा पाकळ्या ९.
पहिल्या ३ पाकळ्यांत खांब ४-४.
मधल्या ३ पाकळ्यांत खांब ६-६.
शेवटच्या ३ पाकळ्यांत खांब ८-८.
दोरा हातभर ठेवून कापा. शेवटच्या फासातून ओढून घ्या.

चिठ्ठी संपली. आता ताळा पाहू. एका पाकळीला घरे लागतात ४. नऊ पाकळ्यांना ९ गुणिले ४, म्हणजे ३६. सुरुवातीचे एक घर मिळवा. झाली ३७. पहिल्या ओळीत ३७ च होती. हिशेब जुळला.

जुळला नाही तर? समजा, पहिल्या ओळीत एक घर गळले. मग शेवटची पाकळी टेकायला जागा राहत नाही. ती लोंबते. म्हणून पहिली ओळ संपली की थांबा. बोट ठेवून मोजा. ३७ भरले तरच पुढे जा. आम्ही शाळेत मुलांना पाढे शिकवले, तेव्हा मुले विचारत, गुरुजी, पाढे कशाला? त्याचे एक उत्तर हे. पाढा चुकला तर पाकळी लोंबते.

आता हातात वीतभर लांबीची झालरीची पट्टी आली असेल. तिच्या एका टोकाला लहान पाकळ्या आहेत, दुसऱ्या टोकाला मोठ्या. लहान टोकाकडून गुंडाळायला लागा. पाकळ्या वर ठेवा, पट्टीची सरळ कड खाली. लहान पाकळ्या आत जातील. मोठ्या बाहेर उमलतील. शेवटी ठेवलेला हातभर दोरा दाभणात ओवा. तळाशी आरपार चार-पाच टाके घाला. सगळे पदर त्यात आले पाहिजेत. नाहीतर गुलाब उलगडतो.

६. पान, देठ आणि गुच्छ

पानाची चिठ्ठी.
हिरवी लोकर. साखळी ९.
सुईपासून दुसऱ्या घरात १ मुका खांब.
पुढे अर्धा खांब १, खांब ४, अर्धा खांब १, मुका खांब १.
साखळी २.
आता साखळीच्या दुसऱ्या कडेने परत या. मुका खांब १, अर्धा खांब १, खांब ४, अर्धा खांब १, मुका खांब १.
दोरा ठेवून कापा.

एका कडेला ८ टाके, दुसऱ्या कडेला ८ टाके. एका गुलाबाला दोन पाने लावा. पाच गुलाबांना दहा पाने होतील.

देठ करायला काडीला डिंक लावा. वरून खाली हिरवी लोकर गुंडाळा. वेढे एकाला एक लागून यावेत, मध्ये काडी दिसू नये. काडीचे वरचे टोक गुलाबाच्या तळात खुपसा. डिंक लावा आणि दोन टाके घाला. पाने थोडी खाली बांधा. एक रात्र वाळू द्या.

सकाळी पाचही देठ एकत्र घ्या. एक गुलाब मध्ये उंच धरा. चार भोवती, थोडे खाली. देठांना दोऱ्याने घट्ट बांधा. वर कागद गुंडाळा आणि फीत बांधा. गुच्छ तयार झाला.

७. हिशेब

आता वहीचे दुसरे पान उघडा. वर लिहा, एका गुच्छाचा खर्च. खालचे आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

लोकर ६० रुपये.
काड्या १० रुपये.
डिंक ५ रुपये.
कागद व फीत १५ रुपये.
सामान एकूण ९० रुपये.

पुष्कळजण इथेच रेघ मारतात. म्हणतात, गुच्छाला नव्वद रुपये लागले. पण थांबा. लोकर आपण होऊन गुलाब झाली का? नाही. हात लागले, डोळे लागले, वेळ लागला. तो लिहा.

पाच गुलाब, एकेकाला १ तास. ५ तास.
दहा पाने, एकेकाला ६ मिनिटे. १ तास.
देठ आणि बांधणी. १ तास.
एकूण ७ तास.

तासाला ५० रुपये धरले, तर ७ तासांचे ३५० रुपये. त्यात सामानाचे ९० मिळवा. गुच्छाची खरी किंमत ४४० रुपये झाली.

आता समजा, गावातली एक बाई गुच्छ घेऊन दुकानात गेली.

दुकानदार म्हणाला, “छान आहे ताई. दोनशे देतो.”

बाई म्हणाली, “भाऊ, दोनशे कमी होतात.”

“कमी कसे? लोकर किती रुपयांची?”

“सगळं सामान नव्वदचं.”

“मग? वर एकशे दहा सुटले की! घरीच तर बसून केलंय. त्याला काय लागतं?”

शेवटचे वाक्य नीट ऐका. घरीच तर बसून केलंय, त्याला काय लागतं. हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. नुसते दुकानदारच बोलत नाहीत. नवरा बोलतो, सासू बोलते. कधी कधी करणारी बाईही तेच बोलते.

त्या बाईने वहीत लिहिले असेल, तर ती उत्तर देईल. “भाऊ, एकशे दहा रुपये सात तासांचे. भागून पाहा. तासाला सोळा रुपयेही पडत नाहीत. माझी जाऊ द्राक्षबागेत विरळणीला जाते. तिची मजुरी तासाला किती पडते, ते तुम्हीच सांगा.”

मग दुकानदार कदाचित भाव वाढवील, कदाचित वाढवणार नाही. पण बाईला कळले की सौदा काय आहे. तिने होय म्हटले तरी समजून म्हटले, आणि नाही म्हटले तरी समजून म्हटले. ज्याने लिहिले नाही, त्याला दुसऱ्याचा हिशेब खरा मानावा लागतो.

८. गोदेच्या दुसऱ्या टोकाला

हे आम्ही उगीच सांगत नाही. आपल्याच गोदावरीच्या काठचे उदाहरण आहे. गोदामाई आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन ती आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिथे तिच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. नरसापूर आणि आसपासच्या खेड्यांत हजारो बाया क्रोशाची झालर विणतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी जोडप्याने तिथे हे काम शिकवले. पुढे तो माल परदेशी जाऊ लागला. व्यापार वाढला.

सन १९७८-७९ च्या सुमारास मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषी तिथे गेल्या. त्यांनी विणणाऱ्या बायांना विचारले, किती तास काम करता, काय मिळते. त्यावर त्यांनी १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले? बाया घरचे सगळे काम करून शिवाय दिवसाचे कित्येक तास विणत होत्या. आणि त्यांची मजुरी शेतात राबणाऱ्या बाईच्या मजुरीपेक्षाही कमी होती. व्यापारी मात्र श्रीमंत झाले होते.

असे का झाले? माल वाईट होता का? मुळीच नाही. माल उत्तम होता, म्हणून तर परदेशी जात होता. पण सगळे म्हणत, या काही कामकरी बाया नव्हेत. घरबसल्या फावल्या वेळात विणतात. तेच ते वाक्य. घरीच तर बसून केलंय.

कामाला काम म्हटले नाही, की त्याची मजुरीही काम म्हणून मिळत नाही.

२०२४ साली नरसापूरच्या या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही कला त्या भागाची, असे सरकारने मान्य केले. हे चांगले झाले. पण मानांकनाच्या कागदावर एकेका बाईचे तास लिहिलेले नसतात. ते तिने स्वतःच्या वहीत लिहायचे असतात.

आपल्या गावी बचत गट असेल, तर एक करा. गटातल्या सर्वांनी एकाच चिठ्ठीने गुलाब विणा. प्रत्येकीचा वेळ लिहा. सर्वांनी मिळून एक भाव ठरवा. एकटीला दुकानदार गप्प बसवतो. दहाजणींची वही एकसारखी बोलू लागली, म्हणजे त्यालाही ऐकावे लागते.

९. भेट द्यावी तेव्हा

कोणी विचारील, गुरुजी, आम्हाला विकायचे नाही. भाचीच्या लग्नात द्यायचे आहे. मग तास कशाला मोजायचे? प्रेमाचा का हिशेब करतात?

प्रश्न बरोबर आहे. प्रेमाचे पैसे करू नयेत. पण मोजण्यात कमीपणा नाही. शंभर रुपयांची वस्तू विकत आणून दिली, तर शंभर रुपये दिले. हा गुच्छ दिला, तर आपल्या आयुष्यातले सात तास दिले. दिवसभर राबून, दिव्याखाली बसून दिलेले. हे देणाऱ्याला माहीत असावे. घेणाऱ्यालाही माहीत असावे. म्हणजे गुच्छ कोनाड्यात धूळ खात पडत नाही.

म्हणून गुच्छाबरोबर एक चिठ्ठी द्या. आपल्या हाताने लिहा. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. नाव लिहा. तारीख लिहा. आणि एवढेच लिहा : हे गुलाब मी विणले. पाच गुलाब, दहा पाने, सात तास.

दुकानात गुच्छ पुष्कळ मिळतील. ही चिठ्ठी मिळणार नाही.

अभ्यास

१. एका गुलाबाच्या दुसऱ्या ओळीत पाकळ्यांचे खांब किती होतात? (४ गुणिले ३, ६ गुणिले ३ आणि ८ गुणिले ३ यांची बेरीज करा.)

२. बारा पाकळ्यांचा मोठा गुलाब करायचा आहे. पहिल्या ओळीत घरे किती हवीत?

३. सामान १२० रुपयांचे. वेळ ८ तास. तासाला ५० रुपये मजुरी. गुच्छाची किंमत काढा.

४. तोच गुच्छ २४० रुपयांना विकला, तर तासाला मजुरी किती पडली?

५. तुमच्या घरात कोण कोणते काम घरबसल्या करते? एका दिवसाचे तास वहीत लिहा. लिहिलेले घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.